मुतगेकर मास्तरांची दोन मिनिटं

सरकार कुणाला कधी काय ठरवील याचा नेम नाही. खासबागेतल्या भरमू मुतगेकर मास्तरांना सरकारनं एका मंगळवारी, ते तिसरीच्या वर्गात नऊचा पाढा म्हणून घेत असताना, 'हेच्चुवरी' ठरवलं. शब्द कानडी. मराठीत त्याचा अर्थ जादा. शाळेतली मुलं वर्षावर्षानं कमी होत गेली, मास्तर मात्र होते तेवढेच राहिले, म्हणून पाचांतले दोघं जादा निघाले आणि त्या दोघांत मुतगेकरांचं नाव पहिलं होतं. चौदा वर्षं ज्या शाळेत माणसानं खडू झिजवला, तिथं एका कागदानं त्याला जादा म्हणावं हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. भाजीवाल्यानं चार काड्या कोथिंबीर जादा घातली तर लोक खूश होतात. मास्तर जादा झाले तेव्हा हेडमास्तरांनी फक्त त्यांच्या कपाटाची किल्ली मागून घेतली.

एवढ्यावर भागलं असतं तर मास्तरांनी अपमान गिळला असता. गिळायची त्यांना सवय होती. पण त्या कागदाला दुसरं पान होतं. हेच्चुवरी शिक्षकांनी रिकाम्या जागांच्या यादीतून आपली शाळा आपणच निवडावी, असं त्यावर लिहिलं होतं. याला म्हणायचं काउन्सेलिंग. हॉलमध्ये पडद्यावर यादी दिसणार, नाव पुकारलं की दोन मिनिटांत शाळा सांगायची. जो सांगणार नाही त्याला खातं देईल ती शाळा घ्यावी लागेल. आणि एकदा सांगितलेलं बदलता येणार नाही. पाढा चोपन्नावर अडकला आणि तिसरीची मुलं पुढचा आकडा येईना म्हणून एकमेकांकडं बघू लागली.

आता मास्तरांचं आणि ठरवण्याचं काय वाकडं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. रोज संध्याकाळी त्यांची बायको रचना सोसायटीतली नोकरी आटपून घरी यायची आणि चप्पल काढता काढता विचारायची, "भाजी कसली करू?" मास्तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "कर कायबी." ती काहीबी करायची. मग ताटावर बसल्यावर मास्तर म्हणायचे, "आज वांगं कशाला केलीस गं?" हे वीस वर्षं चाललं होतं. फ्रीज बिघडला की ते म्हणायचे, तू म्हणालीस म्हणून हा घेतला. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं नाही की, तू म्हणालीस म्हणून वरचं घर घेतलं. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का असं थोरल्यांनी विचारलं, तेव्हाही त्यांनी "आक्का म्हणेल तसं" असं सांगितलं होतं, आणि रचनाच्या हे पक्कं लक्षात होतं. एकूण काय, मास्तर चुकत नव्हते. चुकायला आधी काहीतरी ठरवावं लागतं.

त्या मंगळवारी रचनानं दोन्ही पानं शांतपणे वाचली, घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"तू काय म्हणतीस?" मास्तरांनी विचारलं.

"मी काय म्हणत न्हाय. ह्या वेळी तुम्हीच ठरवा."

"अगं पण..."

"पण न्हाय आणि बिन न्हाय. उद्या त्या शाळेत विंचू निघाला तरी 'तू म्हणालीस म्हणून' ऐकायचं मला. वीस वर्षं ऐकलं, आता बास. कुठलीबी घ्या, मी डबा करून देईन. पण घ्यायची तुम्ही."

मास्तरांनी मुलीकडं पाहिलं. ऋतिकानं दहावीनंतर कॉमर्स घ्यायचं हे चहाचा कप विसळता विसळता ठरवलं होतं. ती म्हणाली, "बाबा, कसली भीती वाटतीय तुम्हाला?" आणि उत्तराची वाट न बघता क्लासला गेली. ही पोर कुणावर गेली, असा प्रश्न मास्तरांना पडला. आपल्यावर नाही एवढं नक्की.

यादीत मराठी शाळांच्या जागा सात होत्या. शाळेतला दुसरा हेच्चुवरी, प्रज्ञेश, मास्तरांपेक्षा चौदा वर्षांनी लहान आणि कागदपत्रांत वाघ. त्यानं सगळी ज्येष्ठता यादी तपासून सांगितलं, "सर, वरची पाच माणसं आपापल्या घराजवळच्या पाच जागा उचलतात बघा. तुमचा नंबर येईपर्यंत दोनच राहतात. काकती आणि चिंचगाळी. तुम्ही एक घ्यायची, उरलेली मला."

काकती म्हणजे शहराला चिकटलेलं गाव. खासबागेतून निघालं की तासाभरात माणूस वर्गात. शाळा मोठी, सात मास्तर, वर हेडमास्तर, म्हणजे काहीही ठरवायची वेळ आली तर ठरवायला बाकीचे होतेच. चिंचगाळी म्हणजे खानापूरच्याही पलीकडं, जंगलात. दोन बस बदलायच्या, वर अडीच किलोमीटर चालायचं. मुलं एकोणीस आणि मास्तर एकच. हेडमास्तर तोच, क्लार्क तोच आणि फळ्यापुढं उभा राहणाराही तोच.

दुसरा कुणी असता तर डोळे झाकून काकती म्हणाला असता. पण मुतगेकरांच्या डोक्यात एक मन असतं तर ना! तिथं कमिटी बसायची. पहिलं मन म्हणालं, काकती. लगेच दुसरं म्हणालं, अरे, तिथं हायवे ओलांडावा लागतो, पुण्याहून सुटलेला ट्रक बेंगळुरूपर्यंत ब्रेक लावत नाही. पहिलं म्हणालं, मग चिंचगाळी. दुसरं म्हणालं, अस्वल. पहिलं म्हणालं, मग काकतीच. तेव्हा दुसऱ्यानं असा मुद्दा काढला की मास्तर अंथरुणात उठून बसले. काकतीला सात मास्तर आहेत. उद्या तिथलीही मुलं कमी झाली, तर पुन्हा जादा कोण? नवीन आलेला. चिंचगाळीत मात्र एकच मास्तर. एकट्या माणसाला जादा कोण म्हणणार? तिसरं एक मन होतं, ते फक्त झालेल्या चर्चेची नोंद ठेवायचं आणि सभा तहकूब झाल्याचं जाहीर करायचं.

शेजारच्या भीमाप्पा सरांना ही बातमी कुणी सांगितली नव्हती, तरी ते सकाळी साताला दारात हजर. चिकोडीला तीस वर्षं मास्तरकी करून रिटायर झालेला माणूस. प्रत्येक वाक्याची सुरुवात चिकोडीपासून.

"मी चिकोडीला असताना असली निवडबिवड नव्हती. ऑर्डर यायची, ट्रंक उचलायची, चालाय लागायचं. काकती घ्या, काकती! चिंचगाळीत अस्वलं हाईत. अस्वल माणसाला कुठं धरतंय म्हाइताय? तोंडाला. पहिल्यांदा तोंडच."

मास्तरांनी नकळत आपल्या तोंडावरून हात फिरवला.

"आणि मी म्हणतो जायाचंच कशाला?" भीमाप्पा सरांनी आवाज खाली आणला. "आजाराचं सर्टिफिकेट जोडा. आजारी माणसाला हेच्चुवरीतनं सूट हाय. हार्टचं बघा. हार्टला लई मान हाय आपल्याकडं."

मास्तरांना हे पटलं. म्हणजे पटलं असं नाही. ठरवायचं टळतंय एवढं त्यांना दिसलं. ते डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला आणि म्हणाले, "मास्तर, एकशेसाठ आहे. कसलं टेन्शन घेतलंय?"

"ठरवायचं हाय."

"मग ठरवून टाका. उतरेल."

या आजारावर हाच उपाय असेल तर माणसानं करायचं काय? तरीपण मास्तरांनी ब्लडप्रेशरचा कागद घेऊन शिक्षण ऑफिस गाठलं. तिथल्या क्लार्कनं पहिल्या दिवशी "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या, म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तीन प्रती मागितल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं कागद वाचला आणि मान हलवली. "नडेयल्ला, सर. चालत नाही. बीपी सगळ्यांनाच आहे, मलापण आहे. किडनी आहे का? बायपास?" त्यानं हे इतक्या आशेनं विचारलं की आपल्याला धड एक आजारही नाही याची मास्तरांना लाज वाटली. ते सॉरी म्हणून बाहेर आले.

अर्जही ऑनलाइन भरायचा होता. प्रज्ञेशनं भरून दिला, तर शेवटी ओटीपी गेला रचनाच्या मोबाइलवर, कारण खात्यात नंबर तिचा दिलेला. आपला नंबर द्यावा की तिचा हे मास्तरांचं तेव्हा ठरलं नव्हतं. फोन लावल्यावर रचनानं सहा आकडे सांगितले. मास्तर हळूच म्हणाले, "आणि बाकी काय वाटतंय तुला?" फोन बंद झाला होता.

"सर, एक काम करा," प्रज्ञेश म्हणाला. "काकती तुम्ही शंभरदा बघितलीया. चिंचगाळी एकदा बघून या. बघितल्यावर भीती जातीय."

ही प्रज्ञेशची समजूत. मास्तरांनी रजा टाकली, सकाळी नवाची बस पकडली आणि दुपारी बाराच्या सुमाराला चिंचगाळीच्या वाटेवर एकटेच चालू लागले. दोन्ही बाजूंना दाट झाडी. कुठं पान वाजलं की मास्तर थांबायचे, तोंडावर पिशवी धरायचे आणि काही होत नाही असं बघून पुढं जायचे. अडीच किलोमीटरला त्यांना सव्वा तास लागला. वाटेत भेटलं ते फक्त एक रेडकू, पण त्यानंही त्यांना चांगलंच दचकवलं.

शाळा म्हणजे दोन खोल्या, कौलं, पुढं फणस. आत मुलांचा गलका आणि मास्तर कुणी नाही. इथले मास्तर रिटायर व्हायला आलेले, आणि त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला गेलेले. पडवीत चुलीपाशी बिसिऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, शिजवणारी मालुबाई घामाघूम होऊन डाव फिरवत होती. पॅन्ट-शर्टातला, चष्मा लावलेला माणूस दिसल्यावर ती पदर सावरत उठली.

"आलासा सर? बरं झालं बगा. भात शिजून ऱ्हायलाय. घंटा देऊ?"

मास्तर दचकले. "मी... मी इथला न्हाय. सहज आलतो."

"सर न्हवं तुमी?"

"सर हाय, पण..."

"मग सांगा की. आमचे सर सांगून गेले न्हाईत. जेवान झालंय, पोरं भुकेजलीत, पर सांगाय कोन न्हाय. घंटा देऊ काय नको?"

मास्तरांनी मागं वळून पाहिलं. मागं फणस होता. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. विचारायला एक माणूस नव्हतं. डोक्यातली कमिटी बोलवावी तर मालुबाई हातात लोखंडी दांडकं घेऊन वाट बघत होती, आणि खिडकीतून एकोणीस पोरं तोंड बाहेर काढून बघत होती. मास्तरांचं हृदय इतक्या जोरात धडधडलं की भीमाप्पा सरांचं सर्टिफिकेट तेव्हा सहज मिळालं असतं.

"द्या," मास्तर म्हणाले.

टण टण टण. रुळाचा तुकडा वाजला. पोरं हुर्रे करत बाहेर आली, ओळीनं बसली, मालुबाईनं भात वाढला, सांबार ओतलं. एक बारकी पोरगी मास्तरांपुढंही ताट ठेवून गेली. मास्तर जेवले. जेवताना ते वाट बघत होते, आता काहीतरी होईल. कुणीतरी येईल आणि विचारील, घंटा कुणी दिली? कोण म्हणालं? पण कुणी आलं नाही. भात गरम होता, सांबारात मीठ बेताचं होतं आणि आपल्या तोंडून निघालेल्या एका शब्दावर एकोणीस मुलं पोटभर जेवली होती. मास्तरांना काहीतरी वेगळं वाटलं. त्याला काय म्हणायचं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते अपचन समजून सोडून दिलं.

पण ते सुटलं नाही. परतीच्या बसमध्ये, घरी, वर्गात, पाढे म्हणून घेताना मास्तरांना मध्येच ती घंटा ऐकू यायची. आता भीती दुप्पट झाली. आधी त्यांना वाटत होतं, आपल्याला काही नको आहे, फक्त धोका टाळायचा आहे. आता एक भलतीच शंका आली होती की आपल्याला काहीतरी हवं आहे. आणि हवं असलेलं घेतलं आणि चुकलं, तर कुणाच्या गळ्यात बांधायचं?

काउन्सेलिंगला चार दिवस राहिले, तेव्हा मास्तरांनी शेवटचं दार ठोठावलं. ते गावाकडं कौल लावायला गेले. त्यांच्या गावच्या रवळनाथाचा कौल पंचक्रोशीत खात्रीचा. मष्णू गुरव देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला पाण्यानं भिजवलेल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, विहिरी, बैलांची खरेदी, सगळं या दोन कळ्यांवर चालत आलेलं.

"देवा," मास्तरांनी हात जोडले, "मी कुठं जाऊ?"

मष्णू गुरवानं मागं वळून पाहिलं. "मास्तर, देव म्हंजे बसस्टँडावरली चौकशीची खिडकी हाय व्हय? एकच सवाल घाला. व्हय नायतर न्हाय असा."

सवाल ठरवायलाच मास्तरांना वीस मिनिटं लागली. मागं रांगेत उभी असलेली माणसं खोकू लागली. शेवटी त्यांनी डोळे मिटून विचारलं, "काकती घेऊ का?" आणि डोळे उघडून ते कळ्यांकडं बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की आपण एकाच कळीकडं बघतोय. डावीकडं. पड, पड, असं आपण मनातल्या मनात म्हणतोय.

उजवी कळी पडली.

"व्हय म्हणतोय देव. घ्या काकती," मष्णू गुरव म्हणाला.

"जरा परत लावता का? वारं आलतं बहुतेक."

गाभाऱ्यात वारं कुठलं? पण गुरव जुना ओळखीचा. त्यानं पुन्हा लावल्या. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा लावल्या, तेव्हा तर हात निघतो न निघतो तोच उजवी कळी खाली आली. मष्णू गुरवानं कंबरेवर हात ठेवले. "मास्तर, तुमास्नी इचारायचंय का देवाला समजावून सांगायचंय?"

मास्तरांचा चेहरा पडला. गुरवाला दया आली असावी. तो त्यांना सोडायला पायरीपर्यंत आला आणि म्हणाला, "देवानं त्याचं सांगितलं. आता ऐकायचं का न्हाय, ते देव कशाला सांगंल? ते ज्याचं त्यानं."

म्हणजे देवानंसुद्धा शेवटी रचनासारखंच केलं. मास्तर बसमध्ये बसले. आता सगळं सरळ होतं. भीमाप्पा सर काकती म्हणत होते, ब्लडप्रेशर काकती म्हणत होतं, प्रत्यक्ष रवळनाथ तीन वेळा काकती म्हणाला होता. काकती घेतली आणि बिघडलं, तर देवावर ढकलायची सोय होती. आयुष्यात इतका भक्कम आधार मास्तरांना कधी मिळाला नव्हता, आणि त्यांना रडू येत होतं.

काउन्सेलिंगचा दिवस उजाडला. हॉलमध्ये दीडशे माणसं आणि सहा पंखे, त्यांतले चार चालू. मोठ्या पडद्यावर यादी, कोपऱ्यात लाल आकड्यांचं घड्याळ. एकेक नाव पुकारलं जाई, माणूस उठून जाई, शाळा सांगे आणि ती ओळ पडद्यावरून पुसली जाई. प्रज्ञेशचा हिशोब तंतोतंत निघाला. पाच ओळी पुसल्या गेल्या, दोन उरल्या. काकती आणि चिंचगाळी. मास्तरांना वाटलं होतं, कुणीतरी वरच्या नंबरचा काकती उचलेल आणि आपली सुटका होईल. कुणी उचलली नाही.

"भरमू मुतगेकर!"

मास्तर उठले. टेबलापाशी जाऊन उभे राहिले. टेबलामागं मॅडम बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "यावदु बेकु? कुठली पाहिजे?" घड्याळ सुरू झालं. एक एकोणसाठ. एक अठ्ठावन्न.

डोक्यात कमिटी जमली. पहिलं मन म्हणालं, काकती. दुसरं म्हणालं, काकतीच, देवानं सांगितलंय. आश्चर्य म्हणजे दोघांचं एकमत झालं होतं. वीस वर्षांत प्रथमच सभेत ठराव बिनविरोध पास होत होता. आणि तेवढ्यात तिसरं मन, जे आजवर फक्त नोंद ठेवत आलं होतं, ते वहीतून डोकं वर काढून म्हणालं, घंटा देऊ काय नको?

"सर, चाळीस सेकंद," मॅडम म्हणाल्या. आता त्यांनी मान वर केली होती. "बरं वाटत नाही का? काकती देऊ? जवळ आहे तुम्हाला."

बघा, देणारं माणूसही मिळालं. नुसती मान हलवायची होती. डोळ्यांपुढं ट्रक आला, अस्वल आलं, रचना आली, पाषाणावरून घरंगळणारी कळी आली. भीती काही कमी झाली नव्हती. भीती कमी झाली की ठरवू असं म्हणत त्यांनी सेहेचाळीस वर्षं काढली होती, आणि आता पंधरा सेकंद उरले होते.

"चिंचगाळी," मास्तर म्हणाले.

"काय?"

"चिंचगाळी द्या, मॅडम."

क्लार्कनं बटण दाबलं. ओळ पुसली गेली. मास्तरांना त्याच क्षणी पश्चात्ताप झाला, पण बटण दाबून झालं होतं.

ते बाहेर आले आणि पायरीवर बसले. पाच मिनिटांत प्रज्ञेश धावत आला आणि काही कळायच्या आत त्यानं मास्तरांचे पाय धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर, मला काकती मिळाली. आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्याला दोनदा न्यावं लागतंय, मी कुणाला बोललो न्हाय. चिंचगाळी माझ्या वाट्याला आली असती तर काय केलं असतं मी? तुम्हाला कसं कळलं, सर? तुम्ही माझ्यासाठी सोडलीत. हे मी मरेपर्यंत विसरणार न्हाय."

प्रज्ञेशच्या आईचं, गंगव्वाचं, दुखणं मास्तरांना ठाऊकच नव्हतं. पण हे कारण काय सुरेख होतं! घरी जाऊन सांगायचं, प्रज्ञेशच्या आईसाठी सोडली. रचना काही बोलू शकणार नाही. भीमाप्पा सर गल्लीभर सांगतील. रवळनाथसुद्धा समजून घेईल. पुढं चिंचगाळीत अस्वलानं तोंड फाडलं, तरी लोक म्हणतील, त्यागी माणूस होता. मास्तरांनी प्रज्ञेशला उठवून उभं केलं, आईला सांभाळ म्हणाले, आणि बाकी काही न सांगता घराकडं निघाले. वाटेत त्यांनी ते वाक्य मनात चार वेळा म्हणून पाहिलं. चारही वेळा ते छान वाटलं.

रचना दारातच उभी होती. तिनं काही विचारलं नाही, पण मागं ऋतिका, आणि जिन्यात भीमाप्पा सर कान देऊन उभे.

"चिंचगाळी," मास्तर म्हणाले.

भीमाप्पा सर मटकन पायरीवर बसले. रचनाचा चेहरा उतरला. तिला काकती हवी होती हे त्या एका क्षणात मास्तरांना दिसलं. तीन आठवडे तिनं ते पोटात ठेवलं होतं. आता रोज साडेपाचला डबा, दोन बस, रात्री आठाला परत, आणि पावसाळ्यात तर कधी परत येतील याचाही भरवसा नाही. तिच्या डोळ्यांत भीती होती. ती हळू आवाजात म्हणाली, "कोण म्हणालं तुम्हाला, चिंचगाळी घ्या म्हणून?"

हाच प्रश्न. तीन आठवडे मास्तर याच्यासाठी माणूस शोधत हिंडले होते, आणि आज माणूस मिळाला होता, आजारी आईसकट.

"प्रज्ञेशची आई..." मास्तरांनी सुरुवात केली आणि थांबले. कानात टण टण झालं. "प्रज्ञेशची आई आजारी हाय. त्याला काकती मिळाली, ते बरं झालं. पण मला ते म्हाईत नव्हतं." "कोण म्हणालं न्हाय. देवबी नको म्हणत होता. मला पाहिजे होती, म्हणून मी घेतली. मला लई भीती वाटतीया, रचना. पण मीच घेतली."

रचनानं पदरानं डोळे पुसले, आत गेली आणि आतून तिचा नेहमीचा आवाज आला, थोडा घोगरा झालेला.

"भाजी कसली करू?"

मास्तरांचं तोंड सवयीनं उघडलं. 'कर' हा शब्द ओठांपर्यंत आला होता, तो त्यांनी परत ढकलला. "दोडक्याची," ते म्हणाले.

"दोडका न्हाय घरात."

"आणतो." मास्तरांनी पिशवी घेतली आणि भीमाप्पा सरांना ओलांडून जिना उतरले. भाजीवालीपुढं त्यांनी दहा मिनिटं घालवली, सगळे दोडके उलटेपालटे केले आणि स्वतःच्या हातानं तीन निवडले.

रात्री ताटं मांडली. ऋतिकानं पहिला घास तोंडात घातला आणि तोंड वाकडं करून पाण्याचा पेला उचलला. रचनानं बोटाला लावून चाखलं. "अवो, कडू हाय की दोडका! निवडून आणलासा न्हवं?" दोघी मास्तरांकडं बघू लागल्या. आता ते नेहमीचं वाक्य येणार, म्हणून रचना वाट बघत होती.

मास्तरांनी घास चावला. कडूच होता, जिभेच्या मुळापर्यंत. ते खाली मान घालून जेवत राहिले. ताटातली भाजी संपली, तसं त्यांनी वाटी पुढं केली.

"अजून थोडी वाढ," मास्तर म्हणाले.